भेली, मेली आणि बारीक निब

५ नोव्हेंबर, बुधवार

भेली! मी भेली लिहिलं होतं! गुळाची भेली!

नेसरीच्या नणंदबाईंनी नव्या हंगामाचा गूळ पाठवला. म्हणून परवा मी इथं लिहिलं — 'नेसरीची भेली घरात आली. केवढी ती! आता दोन महिने काही हलत नाही.' बस्स. गुळाबद्दल माणूस याहून वाईट काय लिहिणार?

आज शाळेतून आले तर अम्मी — माझ्या सासूबाई — भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. चहा नको. खारी नको. गुडघ्याला तेल लावून देऊ का म्हटलं, तेही नको. शेवटी फुटल्याच. "माझी लेक मेली व्हय गं? घरात आली की हलत न्हाय म्हणं! कवा ऱ्हायली ती हितं दोन म्हैनं?"

मला आधी कळेचना. कोण मेली, कुठली मेली! मग डोक्यात उजेड पडला आणि वही काढून बघितली. जाड निब, वर पातळ कागद. शाई पसरलीय, भ च्या डोक्यावरची फट बुजलीय आणि भेलीची चक्क मेली झालीय. मीसुद्धा मेलीच वाचलं असतं.

भेली दोन्ही हातांत धरून अम्मींपुढं गेले. "ही बघा ही! ही आली घरात!" त्यांनी गुळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आसंल," म्हणाल्या. 'आसंल' म्हणजे विश्वास नाही. पण चहा घेतला.

खरी गोष्ट मला भांडी घासताना सुचली. अम्मींना मराठी वाचता येत नाही! अरबी येतं, रोज कुराण वाचतात, पण मराठी म्हटलं तर बसची पाटीसुद्धा दुसऱ्याला विचारतात. मग माझी वही त्यांना वाचून कोण दाखवतं?

घरात उरली दोन माणसं. रशीद आणि अर्शी. एक नवरा, एक मुलगी. रशीद दिवसभर दुकानात घड्याळं दुरुस्त करतात. अर्शी बारावीला आहे आणि स्वतःची पुस्तकं उघडत नाही, माझी वही कशाला उघडेल?

६ नोव्हेंबर

थंड डोक्यानं विचार केला.

कुलूप लावावं तर कपाटाच्या किल्ल्या अम्मींच्या कमरेला. वही शाळेत ठेवावी तर तिथं क्रांती. माझी जीवाभावाची मैत्रीण, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. लिहिणं बंद करावं? ते तर होणारच नाही. तिसरीच्या वर्गात दिवसभर दुसऱ्यांची अक्षरं सुधारायची आणि संध्याकाळी चार ओळी स्वतःच्या नकोत? हक्काची जागा म्हणून मला या घरात काय आहे? ओटा आणि ही वही. ओट्यावरही सगळे येऊन झाकण उघडून बघतात.

मग उपाय एकच. इतकं बारीक लिहायचं की वाचताच येऊ नये! रशीदना चाळिशी लागून जमाना झाला. अर्शीला कंटाळा येईल. झालं काम.

माझ्या पेनच्या निबवर 'एम' कोरलंय. इतकी वर्षं वापरतेय, आज पहिल्यांदा बघितलं. एम म्हणजे मीडियम. त्याहून बारीक ती एफ, फाईन. त्याहून बारीक ईएफ, एक्स्ट्रा फाईन. चपलांसारखे नंबर आहेत सगळे. आपण आपला नंबर न बघताच चालत होतो.

९ नोव्हेंबर, रविवार

केरबाअण्णांच्या पेनच्या दुकानात जाऊन आले. अजून डोकं दुखतंय.

"अण्णा, फाईन निबचं शाईचं पेन दाखवा."

"म्याडम, आपल्या दुकानात समदी पेनं फाईनच हायत की!"

"तसं फाईन नव्हे हो. माझ्याकडं आत्ता मीडियम आहे, त्याहून—"

"मीडियमचं टेन्शन घिऊच नका. इंग्लिश मीडियमची पोरं बी ह्येच न्हेत्यात, सेमीची बी ह्येच."

मागं एकजण झेरॉक्सला थांबलेला. त्याला राहवलं नाही. "अण्णा, पावणं बारीक टोकाचं मागाल्यात."

"मग आसं म्हणा की मराठीत!" अण्णा मलाच ओरडले. मी मराठी शिकवते म्हणून पगार घेते, हे मी तिथं बोलले नाही.

त्यांनी एक डबाच पुढं ठेवला. त्यात सगळ्या निबा एकत्र, जशी चाळणीत उरलेली कोंडा-कणी. कुठली कुठली ते त्यांनाही माहीत नाही. मी एकेक निब शाईत बुडवून रद्दीवर लिहीत बसले — भेली, भेली, भेली. दुसरा शब्द कशाला? आता निबची परीक्षा या एकाच शब्दावर. काही निबांनी मेली काढली, एकीनं तर मेलीवर डागही पाडला. शेवटी एक सापडली. गाठ सुटी, फट मोकळी, भेली म्हणजे भेलीच.

अण्णा वाकून वाचत होते. "गुळाचा धंदा हाय व्हय तुमचा?"

१० नोव्हेंबर

नवी निब. फाईन. एका ओळीच्या जागेत दोन ओळी बसतात. मजा आली!

आता सापळा लावते. रशीदनी नवा चॉकलेटी शर्ट घेतलाय. त्यात ते अगदी बँडवाल्यांसारखे दिसतात. नुसतं क्लॅरिनेट हातात द्यायचं बाकी आहे.

११ नोव्हेंबर

रशीद आज दुकानात जुना निळा शर्ट घालून गेले. "नवा कुठाय?" विचारलं. म्हणाले, "इस्त्रीला टाकलाय." नव्या शर्टाची घडी नीट मोडायच्या आधीच इस्त्री!

म्हणजे वाचलं. 'सापळा' हा शब्दही वाचला असणार, तरी अडकले! आणि या वेळी नीट वाचलं, एक अक्षर चुकलं नाही. मीडियमनं लिहिलं होतं तेव्हा निदान मेली-भेली होत होती. आता बारीक झालं, तर मोत्यासारखं स्वच्छ झालं! 'बारीक टोक करा म्हणजे अक्षर सुंदर येतं,' हे मी पोरांना रोज ओरडून सांगते. माझंच मला कळू नये? पैसे मी घातले आणि सोय त्यांची झाली.

त्याहून बारीक पाहिजे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बालदिन. पोरं भाषणं विसरत होती, मी मागून सांगत होते, तेवढ्यात क्रांती फोन नाचवत आली. "नसरीन! यादी आली. तुझं नाव आहे! हेडबाई!"

मुख्याध्यापक पदोन्नती. ३ डिसेंबरला कोल्हापुरात बोलावलंय, तिथं ज्याला जी जागा उरेल ती घ्यायची. क्रांतीनं आधीच चौकशी केलेली. जवळच्या जागा संपणार, माझा नंबर येईपर्यंत चंदगड. म्हणजे तिथंच राहायला लागणार. रोज यस्टीनं जाऊन-येऊन होण्यासारखं ते गाव नाही.

आम्हां बायकांची यावर एक ठरलेली रीत आहे. 'कौटुंबिक अडचणीमुळे मी सदर पदोन्नती नाकारत आहे.' एवढं लिहून द्यायचं आणि पेढे न वाटता वर्गावर जायचं. मला ते वाक्य पाठ आहे. दोनदा लिहून दिलंय. पहिल्यांदा अर्शी लहान होती. दुसऱ्यांदा अम्मींचं कमरेचं हाड मोडलं होतं. आता अर्शी माझ्यापेक्षा उंच आहे आणि कंबर ठणठणीत आहे, किल्ल्यांचे दोन जुडगे पेलते.

"आता तिसऱ्यांदा नकार दिलास तर तुला कोण विचारतंय परत?" क्रांती म्हणाली. "रिटायर होईपर्यंत भ ची गाठ शिकवत बस."

मी हसले. पण दिवसभर छातीत धडधडत होतं, लग्न ठरल्यासारखं.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरात सांगितलं. अम्मी म्हणाल्या, "चंदगड? लय लांब हाय की गं. तितं पावसात कापडं वाळत न्हाईत म्हंत्यात." अर्शी म्हणाली, "मग डबा?" रशीद म्हणाले, "तुझी मर्जी, नसरीन. मी काय म्हणणार? तू ठरव."

जेवून उठले तर टीव्हीशेजारी कोरे फुलस्केप कागद ठेवलेले. "हे कशाला?"

"काय न्हाय. अर्ज लिवायचा झाला तर आयत्या वेळी धावाधाव नको," रशीद म्हणाले.

तुझी मर्जी, पण कागद तयार! रशीद कधी आवाज चढवत नाहीत. शेजारपाजारच्या बायका माझा हेवा करतात. ते फक्त गप्प बसतात आणि कागद आणून ठेवतात. मागच्या दोन्ही वेळी असंच झालं, आणि मला वाटत राहिलं की मीच ठरवलं.

कपडे, डबा, पाऊस — सगळ्यावर बोलणं झालं. तुला काय पाहिजे, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही सांगितलं. भीती वाटते. ते नाही म्हणणार नाहीत, नुसते उठून घड्याळाला चावी देत बसतील. ते मला सोसत नाही.

मला काय पाहिजे ते एका वाक्यात बसतं. पण ते या निबनं लिहिलं तर उद्या नाश्त्याला प्रत्येकाच्या ताटात येईल. आधी निब मिळू दे.

१९ नोव्हेंबर

अर्शीला मोबाईलवर शोधायला लावलं. तिला एवढंच सांगितलं की सगळ्यांत बारीक निब पाहिजे. तिनं वाचून दाखवलं — जपानी फाईन ही जर्मन फाईनपेक्षा बारीक. त्यांच्या लिपीत एका अक्षराला दहा-दहा रेघा, म्हणून ते लोक टोक बारीक करतात म्हणे. आपल्याकडं क्ष आणि ज्ञ आहेत, पण ते वर्षातून किती वेळा लागतात!

"जपानी एक्स्ट्रा फाईन मागव," म्हटलं.

"मम्मी, एवढं बारीक कशाला? परीक्षेच्या चिठ्ठ्या करायच्यात का?"

"गप गं. मागव."

"माझ्यासाठी पण कर की दोन-चार. केमिस्ट्रीच्या."

२२ नोव्हेंबर

आली! सुईच आहे ही. एकेरी वहीच्या एका ओळीत तीन ओळी सहज बसतात. तिन्ही निबांनी एकाखाली एक लिहून बघितलं. मीडियमची भेली जत्रेतल्या पाळण्यासारखी दुरून दिसते. फाईनची भेली नीटनेटकी, शाळेच्या फळ्यावरची. एक्स्ट्रा फाईनची भेली शोधावी लागते! भ ची गाठ, ल चं पोट, सगळं आहे, पण वही जवळ आणल्याशिवाय काही नाही.

दोष एकच. खरखरते. आपल्या वहीचा कागद कसला, त्याचे तंतू टोकात अडकतात आणि मग पुढचं अक्षर कोरडंच जातं. अनुस्वार तर पडतो की नाही, देव जाणे.

सापळा — अम्मींना साखरेचा त्रास आहे, तरी दुपारी कुणी नसताना भेलीचा कोपरा तोडून खातात. मला माहीत आहे. त्या कोपऱ्यावर दाताच्या कवळीची खूण आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

भेली जागेवर नाही. शोधली तर तांदळाच्या डब्यात, खोल, फडक्यात गुंडाळलेली. अम्मी दिवसभर माझ्याशी फार गोड बोलत होत्या.

वाचलं! हेही वाचलं!

वही उलटसुलट करून बघितली. पानाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा काळपट डाग. वास घेतला. घड्याळाचं तेल.

डोळ्याला भिंग लावून रशीद त्या एवढ्या-एवढ्याशा स्क्रूचे आटे मोजतात, आणि मी त्यांच्यापासून लपायला एक्स्ट्रा फाईन घेतली! वाह रे शहाणी! क्रांतीचा नवरा तलाठी आहे, त्याला समोरची इमारत दिसत नाही. लपवालपवी करायची तर असल्या माणसाशी लग्न करायला पाहिजे होतं.

रागानं अंगाची लाही झाली. तरी बोलले नाही. बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि भांडणातून चंदगड निघालं असतं, आणि मग ते उठून चावी देत बसले असते.

२५ नोव्हेंबर

संध्याकाळी लिहीत होते तर रशीद बाजूला येऊन उभे. "खरवडतीया की निब. दोन मिंटं दे, घासून देतो."

मी पेन दिलं. त्यांनी भिंग डोळ्यात खोचलं, काचेसारखा गुळगुळीत पॉलिश पेपर काढला आणि निबचं टोक त्यावर आठ आकड्यासारखं फिरवत बसले. मध्येच लिहून बघायचं, परत घासायचं. इतक्या मायेनं की मला भरून आलं. आणि चीडही आली! माझ्या कुलपाला हेच माणूस तेल घालतंय!

"बघ आता." लिहिलं. लोण्यासारखी चालते. आधीपेक्षाही बारीक. केसाहून बारीक.

"एवढं बारीक तुला पायजेच असतंय का?" त्यांनी विचारलं.

"हो," म्हटलं.

"बरं," म्हणाले आणि भिंग खिशात ठेवलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मला जायचंय.

२७ नोव्हेंबर

कुणी काही बोललं नाही.

२८ नोव्हेंबर

आजही नाही. अम्मी नेहमीसारख्या. अर्शी नेहमीसारखी. रशीदनी भाजीत मीठ कमी आहे असं सांगितलं.

म्हणजे जिंकले की मी! या निबचं वाचता येत नाही. एवढ्या खटपटीनं शेवटी माझी एक ओळ माझी राहिली. मग हे असं रडू का येतंय? सकाळी मी वही मुद्दाम उशीवर ठेवून गेले. त्याच पानात पेन घालून. म्हणजे ते पान लगेच उघडावं. संध्याकाळी आले तर वही उशीवरच, पेन पानातच.

एरवी शर्टावरच्या, गुळावरच्या माझ्या ओळी पाठ करतात मेले! आणि ही एक वाचवत नाही?

हे 'मेले' आहे. भेले नव्हे.

३० नोव्हेंबर, रविवार

आधी हे लिहून टाकते.

दुपारी क्रांतीकडं गेले होते. तिच्या दाराला कुलूप, म्हणून लगेच परत आले. पुढचं दार नुसतं लोटलेलं. मागच्या अंगणातून आवाज येत होता. चपला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले.

उन्हात खाट टाकलेली. खाटेवर अम्मी, लोडाला टेकून. समोर स्टुलावर रशीद, डोळ्यात भिंग, माझी वही नाकाला लागेल इतकी जवळ. अर्शी वर मोबाईलची बॅटरी धरून. ऊन एवढं लख्ख, तरी बॅटरी!

"फुडं?" अम्मी म्हणाल्या. अगदी मालिका बघताना म्हणतात तशा.

"फुडं बुधवार. एकच वळ हाय."

"वाच की मग."

रशीद थांबले. भिंग नीट केलं. मग वाचलं, "मला जायचं नाय."

"झालं तर!" अम्मींनी उसासा सोडला. "मग आठ दिस तोंड पाडून का बसलीया?"

अर्शी वाकली. "पप्पा, नाय कुठाय? जायचंय लिहिलंय. मला जायचंय."

"हाय गं. मधला 'ना' लय बारीक हाय."

"नाहीये! आणि मम्मी कधी 'नाय' लिहिते का? मला शाळेत 'नाय' लिहिलं म्हणून पट्टी खायला लावली होती तिनं. ती 'नाही' लिहिते!"

रशीदनी मान खाली घातली. परत भिंग वहीवर. अर्शीनं त्यांच्या हातातून वही ओढून घेतली, भिंग-बिंग काही नाही, लांबूनच वाचलं. "मला. जायचंय. बघा ना!"

"एक काय ते नीट सांगा," अम्मी ओरडल्या. "जायचंय का न्हाय?"

"जायचंय, दादी."

अर्शीनं बॅटरी बंद केली. शेजारच्यांचा कुकर शिट्टी देत होता. मग अम्मी म्हणाल्या, "मग एवडं बारीक लिवून कुणाला सांगतीया ती? तोंड न्हाय व्हय तिला?"

मी तशीच मागं फिरले. चपला रस्त्यावर जाऊन घातल्या. कारखान्याच्या रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांच्या कडेनं उगीच लांबवर चालत गेले. खरं तर मी वाघिणीसारखं आत जायला पाहिजे होतं. चोरून वही वाचतात, तीही अंगणात, सहकुटुंब! पण मला राग आला नाही. वाचलं, एवढंच वाटलं. वाचलं कुणीतरी!

रशीदना खरंच 'ना' दिसला, की पाहिजे होता म्हणून दिसला? ज्या माणसाला स्क्रूचे आटे दिसतात त्याला नसलेलं अक्षर दिसावं? हे मी त्यांना विचारणार नाही. कदाचित त्यांनाही सांगता येणार नाही. या गोष्टीचं मला वाईट वाटलं. रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

परत येताना मुद्दाम फाटक आपटलं. आत गेले तर वही गादीखाली, अम्मींच्या हातात तसबीहची माळ, अर्शीच्या हातात केमिस्ट्री.

१ डिसेंबर, सोमवार

जुनं पेन काढलंय. मीडियम निब. पानावर एकच ओळ.

मला जायचंय.

यात 'ना' नाही. भिंग लावून शोधू नका.

वही खाटेवर उघडी टाकून शाळेला निघाले.

२ डिसेंबर

तोंडानंही सांगितलं. काल संध्याकाळी. मला तोंड आहे हे अम्मींना दाखवायचं होतं.

"मी चंदगडला जाणार." माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला. अर्शी दचकली.

रशीद खाली बघत होते. "मला वाटलं तू नगोच म्हणशील. दर येळी म्हंतीस."

"दर वेळी तुम्ही कागद आणता."

यावर ते उठले. मला वाटलं, गेले आता घड्याळाकडं. पण तिथंच उभे राहून म्हणाले, "तू न्हाईस म्हटल्यावर घर कसं लागंल, मला म्हाईत न्हाय. आजून कदी बगितलंच न्हाय." लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात हे सगळ्यांत लांब वाक्य. आणि मग लगेच जमिनीवर आले, "आणि च्या बी येत न्हाय मला करायला."

"च्या करायला काय चंदगडास्नं बाई बोलवायची?" अम्मी म्हणाल्या. "ऊट, आत्ताच शीक."

शिकले. पातेलं जळालं. आम्ही सगळ्यांनी तो चहा प्यायला. मला हसू येत होतं. जाते म्हणायला जितकं अवघड गेलं त्याहून ते तिघं तसे चहा पिताना बघणं अवघड होतं.

३ डिसेंबर, बुधवार

चंदगडच मिळालं. सही केली. कुठल्या निबनं विचारू नका — साहेबांनी हातात बॉलपेन दिलं.

फुलस्केप कागद अर्शीनं गणितं सोडवायला घेतले.

१८ डिसेंबर, गुरुवार

चंदगड. शाळेजवळच खोली मिळालीय, मागं काजूची झाडं. आता निब कुठलीही चालते, वही कुठंही पडते.

संध्याकाळी अम्मींचा फोन. "किती दिस झालं, तुज्या वहीतलं कायबी कळलं न्हाय. वाच बगू." म्हटलं, बरं. वाचलं. यस्टी घाटात बंद पडली ते. पोरं मला 'हेडबाई' म्हणून लांबूनच पळतात ते. रशीदच्या जळक्या चहाची आठवण येते ते. अम्मी हसल्या, मध्येच नाक ओढलं, मग म्हणाल्या, "फुडं?"

पुढं काही नाही म्हणून सांगितलं. एक ओळ होती, ती वाचली नाही. इथं एकटीला इतकं बरं वाटतंय, की रविवारी घरी जाऊ नये असं वाटतं.